गावाला कळवू नकोस

आम्हां दोघांना एकाच दिवशी, एकाच खोलीसाठी नकार मिळाला, आणि आमची ओळख झाली ती तिथेच, डोंबिवली पूर्वेला एका एजंटच्या दुकानात. एजंटने घरमालकाला फोन लावला होता. मालकाने माझं आडनाव विचारलं, ते ऐकल्यावर थोडा वेळ गेला आणि खोली अचानक पुतण्यासाठी ठेवायची ठरली. शेजारच्या खुर्चीवर पंचेचाळिशीचा एक सडसडीत माणूस बसला होता. एजंटने त्याच फोनवर त्याचंही विचारून पाहिलं. लग्न झालेलं नाही, काम शूटिंगच्या लाइनमध्ये, एवढं सांगितल्यावर तिकडून फोन ठेवलाच गेला.

आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना तो मला म्हणाला, "तुझं आडनाव नडलं, माझं काम नडलं. दोघं मिळून शोधू. निदान तिसरंच काहीतरी नडेल."

लातूरहून येऊन मला तेव्हा पाच महिने झाले होते. कॉलेजात एकांकिकांमध्ये दोनदा बक्षीस मिळालेलं. त्या भांडवलावर मी अभिनय करायला ठाण्यात येऊन थडकलेलो. एका मित्राच्या मामाकडे राहत होतो आणि तिथला मुक्काम आता अवघड होऊ लागला होता. हा माणूस घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर ड्रेसदादा होता. कोणत्या सीनला कोणी काय घालायचं, ते कपडे इस्त्री करून, बटणं तपासून, वेळेवर हातात द्यायचे, हे त्याचं काम. सेटवर त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. मीही पहिल्या दिवसापासून दादाच म्हणायला लागलो आणि महिन्याभरात अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो.

शेवटी ठाकुर्लीत जुन्या गावठाणात खोली मिळाली. मालकीण तिथलीच, मूळ गावातली. घरामागे चार खोल्यांची बैठी चाळ होती. तिने आमचं आडनाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. मासे करता का, एवढंच विचारलं. दादा कोकणातला, राजापूरकडचा. त्याने हो म्हटल्यावर ती म्हणाली, मग केलेत की वाटीभर मला आणून द्यायचे. भाडेकराराआधी ठरलं ते हेच.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, असं आज म्हणता येतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. मी ऑडिशन देत फिरायचो. कधी हवालदार, कधी बँकेतला कारकून, कधी लग्नाच्या सीनमध्ये नवऱ्यामुलाच्या मागे उभा राहणारा मित्र. दादा मला रोज सकाळी उठवायचा, माझा शर्ट इस्त्री करायचा आणि ऑडिशनचे कागद हातात घेऊन समोरच्या पात्राची वाक्यं वाचायचा. सगळी पात्रं तो एकाच सुरात वाचायचा, सासू असो की गुंड. मी हसलो की म्हणायचा, "तू तुझं कर. मी नट नाही, मी फक्त भिंत आहे. चेंडू मार."

त्याची स्मरणशक्ती सेटवर प्रसिद्ध होती. मालिकेत एकच प्रसंग दोन तुकड्यांत होतो. नायिका घराबाहेरून येताना आज दिसते आणि दारातून आत पाऊल टाकताना चार दिवसांनी. दोन्ही वेळा साडी तीच हवी, निऱ्या तशाच हव्यात, मनगटावर बांगड्या तेवढ्याच हव्यात. बाकीचे लोक मोबाइलमधले फोटो काढून बघायचे. दादा न बघता सांगायचा. दोन महिन्यांपूर्वी साखरपुड्याच्या सीनला काकाच्या खिशाला पेन होतं की नाही, हेसुद्धा.

गावाबद्दल तो फार बोलत नसे. एकदाच, सुट्टीच्या दुपारी कोळंबी सोलता सोलता, त्याने सगळं सांगितलं. तो अठराव्या वर्षी आला. आधी वागळे इस्टेटमध्ये कपडे शिवायच्या एका युनिटमध्ये मशीनवर होता. ते बंद पडल्यावर या लाइनमध्ये आला. वडील गेले तेव्हा सेटवर मालिकेतलं लग्न चाललं होतं, तीन दिवस, चाळीस माणसांचे कपडे. फोन बॅगेत राहिला. भावाचे फोन बघेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि गावी पोचेपर्यंत तिसरा. धाकट्या भावाने अंगणातच अडवलं आणि सांगितलं, तुझ्यावाचून सगळं झालं, आता पुढचंही होईल. दादा उंबरा न ओलांडता तसाच परतला. त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

"मी मेलो तरी त्याला कळवायचं नाही," तो म्हणाला. कोळंबीवरून नजर न उचलता म्हणाला, म्हणून मला ते जास्त खरं वाटलं.

चौथ्या वर्षी मला त्याच्याच मालिकेत सहा दिवसांचं काम मिळालं. वकिलाच्या हाताखालचा ज्युनिअर. त्याच दिवसांत एकदा नायिका दारातून आत आली आणि अर्धा सीन झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की बाहेरून येताना तिची साडी लाल होती आणि आता हिरवी आहे. शूटिंग थांबलं. दिग्दर्शक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, काय झालं?" दादाने मोबाइलमधला फोटो पाहिला, मग नायिकेकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"हीच आहे की," तो म्हणाला.

ड्रेपरीच्या, म्हणजे साड्या नेसवणाऱ्या बाईंनी पुढे होऊन नायिकेला मेकअप रूममध्ये नेलं. घरी येताना मी विषय काढला तर तो म्हणाला, झोप होत नाही हल्ली. मी ते मानलं. मला ते मानायचंच होतं.

मग एकेक दिसू लागलं. भाजीत मीठ दोनदा, हे कुणाचंही होतं. पण इस्त्री केलेला शर्ट माझ्या हातात देऊन तो पाच मिनिटांनी तोच शर्ट शोधायला लागायचा. मालकिणीकडे माशांची वाटी द्यायला जायचा आणि रिकाम्या हाताने तिच्या दारात उभा राहायचा. मी त्याला रोजच्या सीनची यादी मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लागलो. मला काम नसेल त्या दिवशी मी सेटवर जाऊन बसायचो आणि प्रत्येक चेंजआधी फोटो त्याच्यासमोर धरायचो. हेअर करणारी ताई सामील होती, ड्रेपरीच्या बाई सामील होत्या. दोन-तीन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सांभाळून नेलं. त्याला हे कळत होतं की नाही, कोण जाणे. एकदा एवढंच म्हणाला, "तुम्ही लोक माझ्याशी फार गोड बोलायला लागलाय."

याच सुमाराला मला साताऱ्याला शूट होणाऱ्या एका मालिकेत काम मिळालं. नायकाचा भाऊ. पहिल्यांदा असा रोल, ज्याला स्वतःचं घर होतं, आई होती, रडायचा सीन होता. तिथे मुक्कामाने राहावं लागणार होतं. मी दादाला सांगितलं तेव्हा त्याने माझी बॅग खाली काढली आणि भरायला बसला. मी म्हटलं, तुझं कसं होणार? तो म्हणाला, "माझं काय होणार? तू येण्याआधी पण मी होतोच ना इथे."

मी गेलो. त्याचा त्या क्षणीचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता, आणि मी त्याचा आधार घेऊन गेलो.

अकराव्या दिवशी दुपारी फोन आला. वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीचा वॉचमन बोलत होता. दादाच्या मोबाइलवरचा शेवटचा नंबर माझा होता म्हणून त्याने मला लावलेला. त्याने सांगितलं, एक माणूस सकाळपासून गेटवर उभा आहे, मशीनवर जायचंय म्हणतो, उशीर झाला म्हणून आत सोडत नाही का, असं विचारतो. इथे तर सगळी ऑफिसं आहेत. मागून दादाचा आवाज ऐकू येत होता. तो त्या वॉचमनची माफी मागत होता. उद्यापासून वेळेवर येईन, असं सांगत होता. ते युनिट बंद पडून वीस वर्षं झाली असतील.

माझा मेकअप झाला होता, सीन लागलेला होता. मी हेअरच्या ताईला फोन केला, ती रिक्षा करून गेली आणि त्याला घेऊन आली. चार दिवसांनी मी मालिका सोडली. त्यांनी फार ताणलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या पात्राला अपघात झाला. दादाने तो भाग मालकिणीच्या घरी टीव्हीवर पाहिला आणि मला शोधत खोलीत आला. माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि खाली बसला.

सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, सावकाश बोलल्या. विसरण्याचा आजार, सहसा म्हातारपणी होतो, यांना लवकर झालाय. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, पण मागे फिरणार नाही. हे सगळं त्या दादासमोरच बोलल्या आणि त्याने सगळं नीट ऐकलं. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या आवारात कट्ट्यावर आम्ही बसलो. तो बराच वेळ समोरच्या लोकांकडे बघत होता.

"एक कर," तो म्हणाला. "गावाला कळवू नकोस. मला काहीही झालं, मी काहीही बोललो, तरी कळवू नकोस. मी असा त्याच्या दारात जाणार नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. त्या वेळी त्याच्या बोलण्यातलं ‘मी काहीही बोललो तरी’ हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याचं काम थांबलं. सेटवरच्या लोकांनी त्याला छोटा निरोप दिला, शाल घातली. त्याने शाल घडी करून ड्रेपरीच्या बाईंच्या हातात दिली आणि विचारलं, ही कुठल्या सीनची?

मी वागळे इस्टेटमध्ये एका कुरिअर ऑफिसात नोकरी धरली, कारण रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरी येणं आता गरजेचं होतं. ऑडिशन आपोआप बंद झाल्या. दिवसभर मालकीण त्याच्यावर नजर ठेवायची. तिने ते स्वतःहून पत्करलं होतं. पण तिचं वय सत्तरीच्या पुढे. एका दुपारी दादाने चहा ठेवायला गॅस उघडला आणि काडी न लावताच अंथरुणावर जाऊन पडला. वास आला म्हणून ती धावली. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती आमच्या पायरीवर बसलेली. मला म्हणाली, मी त्याला हाकलत नाहीये, पण मला आता भीती वाटते. आणि हे सांगताना तिलाच रडू आलं.

मी अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या संस्था शोधल्या. कल्याणमधली एक बरी वाटली. स्वच्छ होती, मागे आंब्याची दोन झाडं होती. तिथल्या बाईंनी फॉर्म समोर ठेवला. नाव, वय, आजार भरून झालं. मग रकाना आला, रुग्णाशी नातं.

मी म्हटलं, आम्ही एका खोलीत राहतो.

"म्हणजे नातेवाईक नाही?"

"नाही."

"रक्ताच्या माणसाची सही लागते हो," त्या म्हणाल्या. "उद्या काही झालं, कुणी विचारायला आलं, तर आम्ही कुणाचं नाव सांगायचं?"

मी दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिसऱ्या ठिकाणी गेलो. रकाना सगळीकडे होता. चार वर्षं मी त्याच्या हातचं जेवलो होतो, त्याने इस्त्री केलेले कपडे घालून फिरलो होतो. लिहायला शब्द नव्हता. एका ठिकाणी मी ‘भाऊ’ असं लिहिलं. समोरच्या माणसाने माझं आडनाव वाचलं, दादाचं वाचलं आणि फॉर्म परत सरकवला.

घरी वेगळंच घडत होतं. दादाला आता भाऊ आठवायला लागला होता. बारा वर्षांपूर्वी अंगणात अडवणारा भाऊ कुठे पुसला गेला, आणि त्याच्या जागी शाळेत जाणारा, याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडणारा भाऊ आला. रोज जेवताना तो विचारायचा, "तो आला नाही रे अजून? त्याला वाट सापडली नसेल." मी म्हणायचो, येईल. मग तो दाराकडे तोंड करून बसायचा. कधी कधी ताटातला माशाचा तुकडा बाजूला काढून ठेवायचा.

मी महिनाभर गप्प राहिलो. ज्याने शब्द घेतला होता त्याला शब्द आठवत नव्हता, भांडण आठवत नव्हतं, अपमान आठवत नव्हता. ते सगळं आता फक्त मला आठवत होतं. त्याच्या वतीने त्याचा राग सांभाळत बसलेला मी एकटाच उरलो होतो, आणि तो समोर बसून भावाची वाट बघत होता. ‘मी काहीही बोललो तरी.’ हे त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच तो तसं बोलला होता.

शेवटी एका रविवारी दादाच्या मोबाइलमधून मी भावाचा नंबर काढला. बारा वर्षांत तो बदलला नव्हता. मी कोण ते सांगितलं, आजाराचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचे आवाज येत राहिले. मग भाऊ म्हणाला, "त्याने सांगितलं का फोन करायला?"

मी म्हटलं, नाही.

"मग बरोबर. तो नाहीच सांगायचा," तो म्हणाला. आणि पत्ता लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आणि त्याची बायको गावच्या ओळखीच्याची गाडी घेऊन आले. भाऊ दादासारखाच सडसडीत, पण केस पूर्ण पांढरे. तो दारात थबकला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, उठून त्याला पाणी दिलं, आणि ओळख न लागल्यासारखा परत बसला. ज्याची तो वाट बघत होता तो भाऊ दहा वर्षांचा होता. हा पांढऱ्या केसांचा माणूस कोण, हे त्याला कळेना. भाऊ पाण्याचा तांब्या हातात धरून उभाच राहिला, आणि मग बायकोने त्याच्या हातातून तो काढून घेतला.

मी कपडे भरले. तो स्वतः भरायचा तशा घड्या मला जमल्या नाहीत. मालकिणीने वाटेत खायला भाकऱ्या बांधून दिल्या. दादा कुठलीही खळखळ न करता गाडीपर्यंत चालत आला. मी दार उघडलं. आत बसता बसता तो थांबला, वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. नजर पूर्ण जागी होती.

"तू कळवलंस," तो म्हणाला.

मला खोटं बोलता आलं नाही. मी हो म्हटलं.

"तुला सांगितलं होतं ना," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. रिकामी भांडी आवरावीत तसं तो ते बोलला. मग आत बसला आणि समोर बघत राहिला. गाडी गावठाणाच्या अरुंद गल्लीतून मागे घेत घेत बाहेर पडली, त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी काचेशेजारून चालत होतो. त्याने परत पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात आहे. भाऊ चांगला निघाला. मी फोन केला की नीट बोलायचा. जेवतो, झोपतो, परसात फिरतो, एकदा भावजयीच्या ब्लाउजला हुक लावून दिला, असं सांगायचा. पहिल्या वर्षात मी तीन वेळा गावी जाऊन आलो. प्रत्येक वेळी दादा ओटीवर बसलेला असायचा. मला बघून उभा राहायचा, "या, बसा" म्हणायचा. पाहुण्यांशी बोलावं तसं पाऊसपाण्याचं बोलायचा. मी कोण, कुठून आलो, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माझ्याशी त्याचं काही देणंघेणं असावं, असं त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. मी दुपारी जेवून निघायचो.

तिसऱ्या खेपेला निघताना भावाची बायको फाटकापर्यंत माझ्यामागे आली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. शेवटी म्हणाली, "राग मानू नका. पण आता काही दिवस येऊ नका."

मी का म्हणून विचारलं.

"तुम्ही गेलात की ते जेवत नाहीत," ती म्हणाली. "दोन-दोन दिवस. या फाटकाशी येऊन उभे राहतात. कुणाची वाट बघताय विचारलं तर सांगता येत नाही त्यांना. मग रडतात. आम्हांला बघवत नाही."

मी ओटीकडे पाहिलं. दादा खांबाला टेकून बसला होता, आमच्याकडे पाठ करून. मी तिला बरं म्हटलं आणि रस्त्याला लागलो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मी गेलेलो नाही. महिन्यातून एकदा फोन करतो, तोही भावाच्या मोबाइलवर आणि दादा झोपलेला असेल अशा वेळी, म्हणजे माझा आवाज त्याच्या कानावर पडायला नको.